चिठ्ठीसकट वीस रुपये

शमुवेल भिंगारदिवेबद्दल केडगावात मी जेवढं वेडंवाकडं बोललो असेन, तेवढं त्याची सासूही बोलली नसेल. आणि सासू काही मिळमिळीत बाई नव्हती. मुलगी बघायला गेला तेव्हा या गड्यानं मुलीच्या जन्माचा दाखला मागितला होता. मूळ प्रत. सासू म्हणाली, "पोरगी समोर बसलीय, हीच मूळ प्रत. नक्कल हवी असेल तर धाकटी आहे आत." हा किस्सा मी निम्म्या डेपोला सांगितलाय. शमू तिथं असला की कपाळाला आठ्या घालून एवढंच म्हणायचा, "दाखला मागणं गैर नाही." आणि हन्नावहिनी आतून ओरडायच्या, "भावजी, मिळाला का हो शेवटी तो दाखला, ते विचारा!" मिळाला नाही. लग्न झालं, पंचेचाळीस वर्षं झाली, लेक पुण्याला नांदतेय, तरी शमूच्या मनात थोडी शंका आहेच.

मी रंगनाथ. नगर डेपोला कंडक्टर होतो, शमू पोस्टात पोस्टमन. आमच्या दोन घरांच्या मधे कमरेएवढी भिंत आहे. चाळीस वर्षं तिच्यावर कोपरं टेकून टेकून आम्ही तिचा वरचा गिलावा घालवलाय. तो ख्रिस्ती, मी माळकरी बापाचा बिनमाळेचा मुलगा. त्याच्या नाताळच्या करंज्या आणि आमच्या दिवाळीचे अनारसे याच भिंतीवरून गेले. गावच्या बातम्याही. त्या मात्र बहुतेक माझ्याच बाजूनं जायच्या.

पोस्टमन म्हणून शमू लोकांना नकोसा झाला होता, हे आता सांगायला हरकत नाही. रजिस्टर पत्र ज्याच्या नावाचं त्याच्याच हातात. नवरा घरी नाही म्हणून बायकोला देणार नाही, बाप आंघोळीला बसलाय म्हणून लेकाला देणार नाही. दारात उभा राहील, सायकलचा ब्रेक तपासत. माझ्याच फंडाच्या पत्रासाठी त्यानं मला ओळखपत्र मागितलं होतं.

"अरे शम्या, सकाळी तू माझ्या घरून वाटीभर साखर नेलीस!"

"साखर नेली तो शेजारी. आता मी ड्युटीवर आहे."

लोक तक्रारी करायचे, साहेब झापायचे, बदल्या व्हायच्या. बढती शेवटपर्यंत झाली नाही. निवृत्तीच्या दिवशी साहेब भाषणात म्हणाले, "भिंगारदिवेंनी आयुष्यभर नियम सोडला नाही." ते असं म्हणाले, की ऐकणाऱ्याला वाटावं बिडी सोडली नाही.

नाण्यांचा नाद त्याला पोस्टातच लागला. सरकार अधूनमधून निमित्त काढून खास नाणी पाडतं. कुणाची जन्मशताब्दी, कुठल्या संस्थेचा सुवर्णमहोत्सव. ती बाजारात फिरत नाहीत. टाकसाळीकडं पैसे भरून नाव नोंदवायचं, मग सहा महिन्यांनी, वर्षानं रजिस्टर पार्सल येतं. आत खोक्यात बसवलेलं नाणं आणि माहितीचं पत्रक. अशी पार्सलं वाटता वाटता याला वाटलं, आपणही एक मागवावं. मग दुसरं. माणसं नाणं ठेवतात आणि वेष्टण फेकतात. शमूला वेष्टणच जास्त प्यारं. पैसे भरल्याची पावती, टाकसाळीचं पत्र, पार्सलचं शिवलेलं कापड, त्यावरची लाख, पोस्टाचा शिक्का, सगळं राखून. कुणाकडून विकत घेतलं तर त्याला बसवून लिहून घ्यायचा, की बाबा, तुझ्याकडं हे कुठून आलं आणि ज्यानं दिलं त्याच्याकडं कुठून आलं. एक गृहस्थ तर नाणं न विकताच पळाले. त्यांना वाटलं हा सी.आय.डी.चा माणूस.

हे सगळं एका लांबट रजिस्टरात. दर नाण्याला एक पान. कागदांच्या नकला स्वतःच्या हातानं उतरलेल्या, आणि पानाच्या तळाशी एक रकाना: पाहणी. वर्षातून एकदा खोकं उघडायचं, नाण्याची स्थिती लिहायची, तारीख, सही. पोस्टाची तपासणी होते तशी.

मी म्हणायचो, "तुझ्या नाण्यांची वंशावळ आमच्या पाटलांच्या वंशावळीपेक्षा लांब आहे. आणि जास्त खरी."

"कागदाशिवाय नाणं म्हणजे नुसती चांदी," तो म्हणायचा. "ती कुठल्याही सराफाकडं मिळते."

काही नाणी टाकसाळ आरशासारखी चकचकीत करून काढते. त्यांना प्रूफ म्हणतात. बोटाचा ठसा उमटला की तो जन्माचा. चाळीस वर्षांत शमूनं असं एकच नाणं माझ्या हातात दिलं, तेही पांढरे हातमोजे घालायला लावून, कडेला दोन बोटांत धरून, आणि खाली स्वतःची ओंजळ धरून. मी मुद्दाम शिंक आल्यासारखं केलं. बिचाऱ्याचा चेहरा असा झाला की हन्नावहिनींनी मला पाटीभर शिव्या दिल्या.

ते नाणं त्यानं मागवलेलं नव्हतं. ते १९७३ सालचं, चांदीचं, वीस रुपयांचं. दुष्काळाच्या पाठोपाठ सरकारनं 'अधिक अन्न पिकवा' म्हणून काढलेलं. आम्ही तेव्हा रेशनच्या लाल ज्वारीच्या, मिलोच्या, रांगेत उभे होतो, पिकवणार काय. पण ते जाऊ द्या. ते मागवलं होतं मिशनच्या एका दवाखान्यातल्या सिस्टर विजयमाला यांनी. पार्सल आलं तेव्हा शमू विशीतला, नोकरीत नवा. सिस्टर ऑपरेशनला उभ्या होत्या. वॉचमन म्हणाला माझ्याकडं दे, मेट्रन म्हणाल्या माझ्याकडं दे. हा देईना. त्या दिवशी भर उन्हात तीनदा सायकल मारत आला. तिसऱ्यांदा सिस्टर बाहेर आल्या आणि सगळ्या व्हरांड्यादेखत त्यांनी त्याला असं फैलावर घेतलं, की जे पेशंट आठ दिवस उठत नव्हते तेही उठून बसले. यानं मान खाली घालून सही घेतली आणि गेला.

वीस-बावीस वर्षांनी सिस्टर निवृत्त होऊन कर्जतला भाच्याकडं राहायला निघाल्या, तेव्हा त्यांनी शमूला बोलावून ते नाणं दिलं. खोकं, पावती, पत्र, लाखेच्या खुणांचं कापड, सगळं जसंच्या तसं. आणि वर स्वतःच्या हातची चिठ्ठी. मला ती पाठ आहे.

'शमुवेल, हे पार्सल द्यायला तू तीनदा आलास. मी तुला चारचौघांत बोलले. तू बरोबर होतास. हे तुझ्याकडे असू दे, तू नीट ठेवशील. विजयमाला.'

तू बरोबर होतास. उभ्या नोकरीत या माणसाला हे तीन शब्द दुसऱ्या कुणी लिहून दिले नाहीत. तोंडानंही कुणी म्हणालं नाही. मी तर नाहीच नाही. त्याची सगळी नाणी एका बाजूला आणि ही चिठ्ठी लागलेलं नाणं एका बाजूला. त्यानं तसं कधी बोलून दाखवलं नाही, पण वार्षिक पाहणीच्या दिवशी बाकीची खोकी तो तासाभरात उरकायचा आणि या एका खोक्यापाशी दुपार घालवायचा.

आता हंगामाच्या सणाचं सांगतो. शमूच्या मंडळीत, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, नोव्हेंबरातल्या एका रविवारी हा सण असतो. ज्याच्या शेतात, परसात, खुराड्यात जे पिकलं-निपजलं असेल ते देवापुढं आणतात, आणि उपासना झाली की बाहेर मांडवात त्याचा लिलाव. पैसा मंडळीच्या कामाला. मला दरवर्षी बोलावणं असायचं आणि काम ठरलेलं होतं: भाव चढवायचा. भोपळा शंभरावर अडला की मी मागून "दीडशे" म्हणायचो. एका वर्षी डझनभर गावठी अंडी मी बाराशेपर्यंत नेऊन एका मुख्याध्यापकांच्या गळ्यात बांधली. त्यांच्या मिसेस अजून माझ्याशी बोलत नाहीत. पाळकसाहेब म्हणायचे, "रंगनाथराव, तुम्ही बाप्तिस्मा घेतला नाही तेच बरं. बाहेरचे म्हणून लोक तुमचं ऐकून तरी घेतात." पुकारायला गोरक्षनाथ. मंडळीचा खजिनदार, पण पोटाचा धंदा मार्केट यार्डात कांद्याचे लिलाव पुकारण्याचा, त्यामुळं आवाज आणि घाई दोन्ही कांद्याची. आणि पावत्या लिहायला अर्थातच शमुवेल.

लिलावात सगळ्यात शेवटी मानाची वस्तू. दरवर्षी एका घराची पाळी. त्या घरानं आपली जिवाभावाची एक वस्तू आणायची. तिच्यावर बोली लागायची, आणि जो घेईल त्यानं पैसे मंडळीला द्यायचे व वस्तू हार घालून ज्याची त्याला परत करायची. कुणी बापाचं पुस्तक आणलं, कुणी आईचं शिवणयंत्र. सगळी परत गेली. असं कुठं लिहिलेलं नव्हतं. लिहायची कुणाला गरज वाटली नव्हती.

चार वर्षांपूर्वी पाळी शमूच्या घराची आली. हन्नावहिनींच्या मनात त्यांच्या आईनं शिवलेली गोधडी द्यायची होती. मी भिंतीवरून म्हणालो, "गोधडी काय देताय वहिनी, ती तर सगळ्यांनी वाळत घातलेली पाहिलीय. याचं नाणं द्या. पंचवीस वर्षं जपून ठेवलंय, पाहिलंय कुणी? लोकांना वाटतं हा रद्दी जमवतो."

"नाणं नाही," शमू म्हणाला.

"अरे, मीच घेणार की. कितीही जाऊ दे. तुझेच पैसे, माझी बोली, दुपारपर्यंत नाणं घरी."

त्यानं भिंतीचा उरलेला गिलावा नखानं खरवडला. मग म्हणाला, "बोलीच्या आधी चिठ्ठी वाचून दाखवतील का?"

तेव्हा मला कळलं, या माणसाला काय हवंय. आणि कळलं तरी मी थट्टाच केली. म्हणालो, "वाचतील की. वाटलं तर बँड लावून वाचतील."

त्या रविवारी शमू इस्त्रीचा शर्ट घालून टेबलामागं बसला. पुढं पावतीपुस्तक, शेजारी खोकं आणि कागदांची फाईल. भोपळे, कोंबड्या, ऊस, सगळं विकून झालं. पाळकसाहेबांनी नाण्याची हकीकत सांगितली आणि चिठ्ठी मोठ्यानं वाचली. "तू बरोबर होतास" या शब्दांवर ते जरा थांबले, आणि मांडवातून टाळ्या आल्या. ज्यांनी त्याच्या तक्रारी केल्या होत्या त्यांनीही वाजवल्या. शमूनं मान वर केली नाही, पण कान लाल झाले होते. हन्नावहिनींनी पदर तोंडाला लावला होता. तेवढी पाच मिनिटं त्या माणसाला मिळाली. ती मीच मिळवून दिली, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो.

बोली सुरू झाली. पाचशे, हजार, तीन हजार. सात हजाराला बाकीचे गळाले आणि मागून एक नवा आवाज आला, "आठ." बघतो तर एक तरुण, गोरटेला, उंच. केविन नाव. मंडळीतल्या जास्मिनचा नवरा, संगमनेरचा. दुधाचे टँकर चालवायला देतो, हात सैल. सासुरवाडीला सणाला आलेला. जास्मिन शेजारी बसलेली, दिवस गेलेले.

मी म्हणालो, "नऊ." तो म्हणाला, "दहा." मी अकरा, तो बारा. लोकांना रंग चढला. मी तेरा म्हणालो, तो म्हणाला, "चौदा हजार."

माझी पाळी. मी शमूकडं पाहिलं. पेन हातात, नजर माझ्यावर, चेहरा परीक्षेला बसलेल्या पोरासारखा. मला मजा वाटली. म्हटलं, फुटू दे जरा घाम.

"चौदा हजार एक!" गोरक्षनाथ गरजला.

मी सावकाश खिशात हात घालून पानाची डबी काढली.

"चौदा हजार दोन!"

मी झाकण उघडलं आणि खाली मान घालून सुपारी निवडायला लागलो. तीनचा 'ती' निघाला की "पंधरा" म्हणायचं, हे मनात ठरलेलं. पण गोरक्षनाथ पडला कांद्याचा माणूस. त्याच्या यार्डात व्यापाऱ्यानं खिशात हात घालून मान वळवली, की तो सौद्यातून उठला असं धरतात. त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि दुसऱ्या श्वासाची वाटही न बघता "तीन!" म्हणून हातातली काठी टेबलावर आपटली.

"अरे थांब, मी बोलतोय!"

"आता काय बोलता नाना? डबी काढली की तुमी! मला वाटलं सोडलं."

लोक हसले. मीही हसलो. घाबरण्यासारखं काही नव्हतं, वस्तू परत मिळणारच होती. पाळकसाहेबांनी झेंडूचा हार केविनच्या हातात दिला आणि म्हणाले, "आता केविनभाऊ ही वस्तू मानानं शमुवेल यांना परत करतील."

केविन हार धरून उभाच राहिला. "परत म्हणजे?"

जास्मिन खालून म्हणाली, "अहो, इथली पद्धत आहे तशी."

"पण आमच्याकडं असं करत नाहीत," तो म्हणाला. आवाजात उर्मटपणा अजिबात नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. "पाळकसाहेब, आमच्या मंडळीत देवापुढं आणलेली वस्तू मालकाला परत देत नाहीत. दिलेलं मागं घेतल्यासारखं होतं ते. घेणाऱ्यालाही दोष, देणाऱ्यालाही. मी होणाऱ्या बाळासाठी घेतलंय. ती चिठ्ठी ऐकली, आणि वाटलं, असं काहीतरी त्याच्याजवळ असावं." मग त्यानं विचारलं, "परत करायचं, असं कुठं लिहिलेलं आहे का?"

सगळा मांडव शमूकडं बघायला लागला. मी बघत होतो की आता हा उठेल, निदान एकदा आयुष्यात टेबलावर मूठ आपटेल.

शमू म्हणाला, "नाही. लिहिलेलं कुठंच नाही. यांचं बरोबर आहे."

आणि त्यानं पावती लिहायला घेतली.

"अहो, काय लिहिताय?" हन्नावहिनी म्हणाल्या. तो लिहीतच राहिला. नाण्याचं साल, धातू, कुणाकडून, कुणाला, सगळं भरलं, दोनदा वाचलं, सही केली. मग खोकं पुढं सरकवलं, आणि त्यावर कागदांची फाईलही.

मी टेबलावर वाकून कानात म्हणालो, "शम्या, चिठ्ठी तरी ठेव. ती नाण्यात धरलेली नाही."

"चिठ्ठी इथं आणि नाणं तिथं?" तो म्हणाला. "मग ते नाणं कुणाचं, हे त्या लेकराला कोण सांगणार?"

त्यानं केविनला नीट समजावून सांगितलं. बोट लावायचं नाही, ओल लागू द्यायची नाही, कागद घडीवरून मोडायचे नाहीत. खिशातून पांढरे मोजे काढून तेही दिले. केविननं त्याचा हात दोन्ही हातांत धरून आभार मानले.

घरी आल्यावर मी भिंतीपाशी उभा राहिलो. म्हटलं, आता शिव्या दे, मारामारी कर, बोलणं टाक. तासाभरानं तो आला.

"रंग्या, डबी का काढलीस?"

"गंमत."

"बरं," तो म्हणाला, आणि साखर आहे का विचारलं. वहिनींना चहा करायचा होता.

त्या दिवसापासून मी लिलावाला गेलो नाही. पाळकसाहेबांनी दोनदा बोलावलं, मी गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघे ठणठणीत आहेत.

पुढच्या सप्टेंबरात मी मुदतठेव मोडली, वीस हजार बंडीच्या आतल्या खिशात ठेवले आणि निवृत्तांच्या पासावर संगमनेर गाठलं. शमूला सांगून गेलो, "जरा बघून येतो तुझं नाणं. पाहणीचा महिना आलाय." परत आणायला निघालोय हे नाही बोललो. म्हटलं, एकदम हातात ठेवू. त्याच्या ओंजळीत.

केविनचं घर नवं होतं, मे महिन्यात राहायला आलेले. जास्मिननं पाणी दिलं. केविनची आजी, बायडाबाई, ओट्यावर सात महिन्यांच्या पणतवंडाला मांडीवर घेऊन बसली होती. पोर गुटगुटीत, तोंडात काहीतरी घालून चघळत होतं. काळा गोफ, त्याला कडी, आणि कडीला ते वीस रुपये.

"दात येत्यात ना," बायडाबाई म्हणाली. "लई किरकिर करतो. चांदी गार आसती, हिरड्यांना बरं वाटतं. न्हाई का रं सोन्या?"

केविन हौसेनं सांगत होता, बाप्तिस्म्याच्या दिवशी सराफाकडून कडी डागून घेतली, सगळ्यांना नाण्याची गोष्ट सांगितली. मी बघत होतो. आरसा गेला होता. कडी डागताना एका अंगाला काळपट झळ लागलेली, बाकी सगळीकडं ओरखडे आणि लाळ. ज्याच्यावर नुसतं शिंकल्यासारखं केलं म्हणून मी वहिनींच्या शिव्या खाल्ल्या, ते नाणं.

"आणि कागद?" मी विचारलं. "फाईल होती. चिठ्ठी होती."

केविननं जास्मिनकडं पाहिलं. जास्मिन आत जाऊन खोकं घेऊन आली. आत बाळाच्या टोपड्यांच्या पिना होत्या. "कागद... घर बदलताना टँकरच्या जुन्या फायलींबरोबर होते," ती म्हणाली आणि तिचा आवाज बारीक झाला. "रद्दीत गेले असणार, काका. मी आता बघते पुन्हा, पण..."

"आवं कागुदच त्यो," बायडाबाई म्हणाली. "नाणं हाय की."

जास्मिनच्या डोळ्यांत पाणी आलं. केविनला आता उलगडलं असावं मी कशाला आलोय ते. तो खाली बसला. "काका, त्यांचं मन अडकलं असेल तर घेऊन जा. पैसे नकोत. बाळाला दुसरं करू." आणि खरोखरच त्यानं बाळाच्या गळ्यातला गोफ सोडायला घेतला. पोरानं भोकाड पसरलं.

माझा हात खिशात नोटांवर होता. आणि मी विचार करत होतो, नेऊ तर काय नेऊ? कडी डागलेलं, चघळलेलं, बिनकागदाचं. तो मोजे मागेल. मोज्यांनी धरून खिडकीपाशी नेईल.

"राहू दे," मी म्हणालो. "लेकराचं आहे. मी सहज आलो होतो."

त्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. वांग्याची भाजी चांगली होती. 

केडगावला उतरलो तर शमू भिंतीपाशी रजिस्टर घेऊनच उभा. पान उघडलेलं. चिठ्ठीची नक्कल त्याच्या अक्षरात, आणि खाली पाहणीच्या रकान्यात या वर्षीची ओळ रिकामी.

"कसं आहे?"

बसमध्ये तीन तास मी खरं सांगायची तयारी करत आलो होतो. पहिलं वाक्यसुद्धा ठरवलं होतं. आयुष्यभर लोकांच्या घरच्या नको त्या गोष्टी मी मीठमिरची लावून सांगितल्या. ही एक तेवढी साधी सांगायची होती.

"छान आहे," मी म्हणालो.

"खोक्यात?"

"खोक्यात."

"ओल?"

"नाही रे. कपाटात ठेवलंय. वरच्या फळीवर."

"चिठ्ठी?"

"नाण्याच्या वरच. घडीसुद्धा मोडली नाही."

त्यानं श्वास सोडला. केवढा मोठा श्वास तो. मग लिहिलं: रंगनाथ यांनी संगमनेर येथे प्रत्यक्ष पाहिले, स्थिती उत्तम, कागदपत्रे सोबत. आणि पेन माझ्याकडं केलं. मी सही केली. त्या रजिस्टरात दोनशेवर पानं आहेत, आणि एकाही पानावर न पडताळलेली ओळ नव्हती.

आता शमूला दिसत नाही. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. रविवारी उपासनेहून आला की तो भिंतीपलीकडं खुर्ची टाकतो आणि मी त्याला रजिस्टर वाचून दाखवतो. सगळी पानं ऐकत नाही. त्याला ते एकच पान हवं असतं. सिस्टर विजयमालांची चिठ्ठी वाचताना तो ओठ हलवतो, आणि पुढं आलो की म्हणतो, "आता पाहणी वाच. मोठ्यानं वाच, हन्नालाही ऐकू जाऊ दे."

मी मोठ्यानं वाचतो. रकान्यात आता माझ्या तीन सह्या आहेत. संगमनेरला मी एकदाच गेलो.